अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि एका इंजेक्शनचा हिशेब

समजा, कन्नड तालुक्यातील एका खेड्यात एका बाईला आठव्या महिन्याच्या सुरुवातीलाच कळा येऊ लागल्या. घरच्यांनी आशाताईंना हाक मारली, आशाताईंनी उपकेंद्रातील सिस्टरांना बोलावले. छत्रपती संभाजीनगरचे (पूर्वीच्या औरंगाबादचे) शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ज्याला सारा मराठवाडा 'घाटी' म्हणून ओळखतो, ते कन्नडहून सुमारे ६० किलोमीटर. १०८ ची गाडी निघाली आहे, पण यायला वेळ लागणार. सिस्टरांच्या कपाटात डेक्सामेथासोन नावाच्या औषधाची कुपी आहे. हे स्टेरॉइड आईला टोचले तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, हे त्यांना प्रशिक्षणात शिकवले आहे. तर सिस्टरांनी ते इंजेक्शन द्यावे की नाही?

प्रश्न सोपा वाटतो. औषध चांगले आहे, स्वस्त आहे, जवळ आहे. मग द्यायला काय हरकत? परंतु या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जगभरच्या संशोधकांनी ५० वर्षांहून अधिक काळ घालवला. त्यातला एक महत्त्वाचा भाग आपल्या नागपूरजवळच्या खेड्यांत आणि बेळगाव भागात पार पडला. तिथे मिळालेल्या उत्तराने पुष्कळ जाणकार चकित झाले. ती हकीकत समजून घ्यायची तर आधी बाळाच्या फुप्फुसांकडे वळले पाहिजे.

साबणाचे दोन फुगे

गर्भाची पूर्ण वाढ सुमारे ४० आठवड्यांत होते. ३७ आठवडे भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात अशी १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली आणि त्यांतील सुमारे ३० लाख भारतात.

आईच्या पोटात बाळाला फुप्फुसांनी श्वास घ्यावा लागत नाही. त्याला प्राणवायू मिळतो तो वार आणि नाळ यांच्यामार्फत, आईच्या रक्तातून. फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. जन्म होताच तो द्रव बाजूला सारून लक्षावधी इवल्याशा वायुकोशांत हवा शिरली पाहिजे, आणि मुख्य म्हणजे श्वास सोडल्यावर ते वायुकोश मिटता कामा नयेत.

ते मिटण्याचा धोका का असतो, हे शाळेच्या प्रयोगशाळेत पाहता येते. टी-आकाराची एक काचेची नळी घ्या. तिच्या दोन टोकांना रबरी नळ्या जोडा आणि प्रत्येक नळीच्या शेवटी एक लहान नरसाळे बसवा. नरसाळी साबणाच्या पाण्यात बुडवून काढा. एक रबरी नळी चिमट्याने बंद करून दुसऱ्या नरसाळ्यावर मोठा फुगा फुगवा. मग ती बंद करून पहिल्यावर लहान फुगा फुगवा. आता फुंकायचे तोंड बोटाने झाकून दोन्ही चिमटे सोडा. पुष्कळांना वाटते की मोठ्या फुग्यातील हवा लहान फुग्यात जाईल आणि दोघे सारखे होतील. घडते उलटेच. लहान फुगा आणखी लहान होत मोठ्यात रिकामा होतो!

याचे कारण पृष्ठताण. द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्याप्रमाणे आकसू पाहतो, आणि गोल जितका लहान तितका त्याच्या आतील दाब जास्त. वायुकोशाच्या बाबतीत सूत्र असे: दाब = २ × पृष्ठताण ÷ त्रिज्या. (साबणाच्या फुग्याला आतून-बाहेरून दोन पृष्ठभाग असतात, म्हणून तेथे २ ऐवजी ४.) वायुकोश आतून ओला असतो. त्याची त्रिज्या ०.०५ मिलिमीटर धरा आणि पाण्याचा पृष्ठताण ०.०७ न्यूटन प्रति मीटर. उत्तर येते २,८०० पास्कल, म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब. प्रत्येक श्वासाला एवढ्या ओढीविरुद्ध छाती फुलवणे दीड किलोच्या बाळाला झेपणारे नाही.

निसर्गाने यावर उपाय योजला आहे. वायुकोशांच्या भिंतीतील काही पेशी एक स्निग्ध द्रव्य पाझरवतात. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. साबण किंवा रिठा पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, तेच काम हे द्रव्य फुप्फुसात करते. शिवाय वायुकोश आकसला की हे द्रव्य पृष्ठभागावर दाटते आणि पृष्ठताण अधिकच उतरतो, त्यामुळे लहान वायुकोश मोठ्यात रिकामे होत नाहीत. मात्र हे द्रव्य पुरेसे तयार व्हायला गर्भाचे साधारण ३४-३५ आठवडे भरावे लागतात. त्याआधी जन्मलेले बाळ कण्हत, नाकपुड्या फुलवत, बरगड्या आत ओढत श्वास घेते आणि काही तासांत थकते. या आजाराचे मूळ सर्फॅक्टंटच्या अभावात आहे, हे १९५९ साली अमेरिकेत मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले. कारण कळले तरी इलाज हाती नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला. सर्व साधने दाराशी असणाऱ्या घरातली ही गोष्ट.

ऑकलंडचे कोकरू

इलाजाचा धागा सापडला तो न्यूझीलंडमध्ये, आणि तोही दुसरेच काही शोधताना. ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहॅम लिगिन्स यांना प्रसूती सुरू कशामुळे होते हे शोधायचे होते. त्यासाठी ते मेंढ्यांवर प्रयोग करीत. गर्भातील कोकरांना स्टेरॉइड संप्रेरक दिले की ती वेळेआधी जन्मतात असे त्यांना दिसले. मेंढीचा गर्भकाळ सुमारे १४७ दिवसांचा. एक कोकरू ११७ व्या दिवशी जन्मले. इतक्या लवकर जन्मलेले कोकरू श्वास घेऊच शकत नाही, परंतु हे घेत होते! ते पुढे मेले; त्याची फुप्फुसे तपासली तर त्यांत काही अंशी हवा भरलेली होती. म्हणजे स्टेरॉइडने फुप्फुसे वेळेआधी तयार केली असावीत. हे निरीक्षण १९६९ साली प्रसिद्ध झाले.

लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी लगेच माणसांत चाचणी घेतली. अकाली प्रसूतीची शक्यता असलेल्या मातांचे दोन गट केले, पण ते डॉक्टरांच्या मर्जीने नव्हे. कोणती माता कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे नशिबावर सोडले. एका गटाला बीटामेथासोन हे स्टेरॉइड दिले, दुसऱ्याला तुलनेचे इंजेक्शन. १९७२ साली त्यांनी २८२ मातांचे निष्कर्ष छापले. श्वासाचा तो आजार तुलनेच्या गटातील २५.८ टक्के बाळांना झाला होता, स्टेरॉइडच्या गटात ९.० टक्क्यांना. पहिल्या आठवड्यातील मृत्यू १५.० टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आले होते.

चिठ्ठी टाकण्याचे महत्त्व येथे नीट ध्यानात घ्या, कारण पुढची सारी गोष्ट त्यावरच उभी आहे. डॉक्टरांनी निवड केली असती तर कदाचित धडधाकट मातांनाच औषध मिळाले असते आणि बाळे औषधाने वाचली की आईच्या प्रकृतीमुळे, हे कधीच कळले नसते. चिठ्ठीने दोन्ही गट सारखे होतात. उरतो तो फक्त औषधाचा फरक.

नवल असे की एवढा स्पष्ट निष्कर्ष मिळूनही बहुतेक डॉक्टरांनी हे औषध वापरायला पुढली वीस वर्षे घेतली. निरनिराळ्या देशांतील लहान लहान चाचण्यांचे आकडे एकत्र मांडून पाहिल्यावरच खात्री पटली. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हात याच चाचण्यांचा आलेख आहे. जो पुरावा लोकांसमोर असून कोणी एकत्र मांडला नव्हता, त्याची ती खूण.

वाढणे वेगळे, पिकणे वेगळे

आता सुरक्षिततेकडे वळू. स्टेरॉइड म्हणजे काही फुप्फुसांसाठी खास बनवलेले औषध नव्हे. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करतात. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन ही त्याचीच जास्त प्रभावी भावंडे. आईचे स्वतःचे कॉर्टिसॉल वारेतून पलीकडे जाताना बरेचसे निष्प्रभ केले जाते. ही दोन औषधे मात्र तो नाका सहज ओलांडतात, म्हणून तर ती उपयोगी पडतात. पण एकदा बाळाच्या रक्तात शिरली की ती केवळ फुप्फुसांत थांबत नाहीत. मेंदू, हृदय, मूत्रपिंडे, सगळीकडे जातात आणि पेशींना जणू एकच आज्ञा देतात: विभाजन थांबवा, कामाला लागा.

आढीत घातलेला आंबा आठवा. आढीत आंबा पिकतो, पण वाढत नाही. झाडावरून उतरवलाच गेला असेल तर आढी हाच मार्ग. परंतु जो अजून महिना-दीड महिना झाडावर राहणार आहे, त्याला आढीची घाई कशासाठी? अपुऱ्या दिवसांत जन्मणारच आहे अशा बाळाला स्टेरॉइडने मोठा लाभ होतो. जे बाळ पोटात सुखरूप राहून पूर्ण दिवसांनी येणार आहे, त्याला लाभ काहीच नाही. पदरी पडते ती फक्त औषधाची दुसरी बाजू.

ही दुसरी बाजू काल्पनिक नाही. बाळंत होत नाही म्हणून दर १४ दिवसांनी पुन्हा पुन्हा इंजेक्शन दिले तर काय होते, हे १,८५८ मातांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत पाहिले गेले. निष्कर्ष २००८ साली आले. पुनःपुन्हा औषध मिळालेली बाळे वजनाने, लांबीने आणि डोक्याच्या घेराने लहान भरली, आणि जादा लाभ काही दिसला नाही. आईच्या बाबतीतही सावधगिरी हवी. स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढते आणि जंतूंशी लढण्याची शक्ती काही काळ मंदावते.

नागपूर, बेळगाव आणि ९८ हजार बाळे

२०१० च्या सुमारास जगापुढे चित्र असे होते. श्रीमंत देशांतील मोठ्या रुग्णालयांत हे औषध खात्रीचे ठरले होते. गरीब देशांत, जेथे अशी बाळे सर्वांत जास्त दगावतात, तेथे ते फार थोड्या मातांना मिळत होते. मग ते गावपातळीपर्यंत का नेऊ नये? हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. तरीही काही संशोधकांनी आधी तपासून पाहायचे ठरवले.

ऑक्टोबर २०११ ते मार्च २०१४ या काळात सहा देशांत सात ठिकाणी ही चाचणी झाली: अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि भारत. भारतातील दोन ठिकाणे म्हणजे नागपूर व बेळगाव. नागपूरच्या कामाची बाजू डॉ. अर्चना पटेल यांच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनकडे होती, बेळगावची जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाकडे. सर्व देशांची चाचणी अर्जेंटिनाचे डॉ. फर्नांडो आल्ताबे यांच्या नेतृत्वाखाली झाली.

येथे चिठ्ठी एकेका मातेच्या नावाने टाकली नाही, तर गावांच्या गटांच्या नावाने टाकली. एका आरोग्य केंद्राच्या हद्दीतील गावे म्हणजे एक गट. असे शंभराहून थोडे अधिक गट होते. निम्म्या गटांतील परिचारिका, दाया आणि डॉक्टरांना अकाली प्रसूती ओळखायला शिकवले आणि डेक्सामेथासोनच्या चार मात्रांचा संच दिला: ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. उरलेल्या गटांत नेहमीप्रमाणेच काम चालू राहिले. मातेला पाळीची तारीख सांगता आली नाही तर पोटाची उंची मोजण्यासाठी रंगीत खुणांची खास फीत दिली होती. सोनोग्राफी बहुतेक ठिकाणी नव्हतीच.

दिवसच नक्की ठाऊक नसतील तर अपुऱ्या दिवसांची बाळे मोजायची कशी? त्यासाठी वजनाचा आधार घेतला. शंभर बाळांना वजनाच्या चढत्या क्रमाने उभे केले, तर पहिली पाच म्हणजे सर्वांत लहान. ती बहुधा अपुऱ्या दिवसांची असणार असे धरले.

औषध देणाऱ्या गटांत ४७,३९४ जिवंत बाळे जन्मली, नेहमीच्या गटांत ५०,७४३. औषध पोचवण्याचे काम तर चांगले साधले: सर्वांत लहान बाळांच्या मातांपैकी ४५ टक्के मातांना ते मिळाले, नेहमीच्या गटांत १० टक्क्यांना. आता मृत्यू पाहा. सर्वांत लहान बाळांत, जन्मापासून २८ दिवसांत, दर हजारी २२५ मृत्यू औषधाच्या गटांत आणि २३२ नेहमीच्या गटांत. फरक नसल्यासारखाच. आणि सर्व बाळे मिळून? औषधाच्या गटांत दर हजारी २७.४, नेहमीच्या गटांत २३.९. वाचवायला नेलेल्या योजनेच्या बाजूला मृत्यू अधिक होते. मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही जास्त आढळली: सर्व मातांत ३ टक्के विरुद्ध २ टक्के.

आकडे उलगडून पाहू

हे आकडे वरवर वाचून सोडू नका. वही-पेन घ्या. हजार जन्मांमागे ३.५ मृत्यू अधिक. औषधाच्या गटांतील ४७,३९४ बाळांना हा दर लावला तर सुमारे १६६ बाळे होतात.

हे जादा मृत्यू कोणत्या बाळांचे? गणिताने याचा अंदाज येतो. हजार बाळांपैकी सर्वांत लहान ५०. औषधाच्या गटांत त्यांतील मृत्यू ५० × ०.२२५, म्हणजे साधारण ११. नेहमीच्या गटांत ५० × ०.२३२, म्हणजे १२ च्या आत. आता एकूण मृत्यूंतून हे वजा करा. उरलेल्या ९५० मोठ्या बाळांत औषधाच्या गटांत सुमारे १६ मृत्यू, नेहमीच्या गटांत सुमारे १२. म्हणजे वाढ झाली ती मोठ्या बाळांत, ज्यांना त्या इंजेक्शनची गरज नसण्याचीच शक्यता अधिक होती! ज्या मातांना इंजेक्शन मिळाले त्यांपैकी साधारण सहा जणींतील एकीचेच बाळ सर्वांत लहानांत मोडणारे निघाले. बाकीच्या पाच जणींना त्यातून मिळण्यासारखे फारसे नव्हते.

हा केवळ योगायोग नसेल कशावरून? नाणे दहा वेळा उडवले तर सात वेळा छापा येऊ शकतो. त्यावरून नाणे खोटे ठरत नाही. म्हणून संख्याशास्त्रज्ञ एकच आकडा न देता त्याभोवतीची मर्यादा देतात. येथे मृत्यूच्या दरांचे गुणोत्तर १.१२ होते आणि त्याची मर्यादा १.०२ ते १.२२. दोन्ही टोके १ च्या वर आहेत, म्हणून केवळ योगायोग म्हणून हे सोडून देता येत नाही. परंतु खालचे टोक १ ला अगदी लगटून आहे, हेही विसरू नये.

आणखी एक सावधगिरी. हे आकडे सातही ठिकाणांची बेरीज आहेत, एकट्या नागपूरचे किंवा बेळगावचे नव्हेत. शिवाय तपासले गेले ते नुसते औषध नव्हे, तर प्रशिक्षण, फीत, संच अशी सारी योजना. कोणत्या गावात काय दिले जात आहे हे तेथील कर्मचाऱ्यांना ठाऊकही होते. तेव्हा 'औषधाने बाळे मारली' असे म्हणणे चुकीचे होईल. 'ही योजना या परिस्थितीत सुरक्षित नाही' एवढेच या चाचणीने सांगितले, आणि तेवढेही पुष्कळ होते. भारत सरकारने जून २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून गावपातळीवरील परिचारिकांना हे इंजेक्शन देण्याची मुभा दिली होती. चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात!

बेळगावची दुसरी चाचणी

आता पेच पडला. मोठ्या रुग्णालयांतील जुन्या चाचण्या म्हणतात औषध तारक आहे. गावांतील नवी चाचणी म्हणते जपून. मग आपल्यासारख्या देशांतील रुग्णालयांत ते द्यायचे की नाही? जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी निराळी चाचणी आखली. बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तान येथील २९ रुग्णालये त्यात होती. भारतातील काम पुन्हा बेळगावहून, डॉ. शिवप्रसाद गौडर यांच्या नेतृत्वाखाली चालले.

पहिल्या चाचणीत जे कच्चे राहिले होते ते या वेळी बांधून घेतले. गर्भाचे दिवस सोनोग्राफीने ठरवले. २६ ते ३४ आठवड्यांच्या आणि ४८ तासांत बाळंत होण्याची शक्यता असलेल्या माताच घेतल्या. ज्यांना जंतुसंसर्गाची लक्षणे होती त्यांना वगळले. निम्म्यांना डेक्सामेथासोन, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या कुप्या; कोणाला काय मिळाले हे ना मातेला ठाऊक, ना डॉक्टरांना. आकड्यांवर एका स्वतंत्र समितीची नजर होती. सहा हजारांवर माता घेण्याचे ठरले होते. परंतु नोव्हेंबर २०१९ मध्ये, २,८५२ माता झाल्या असतानाच, चाचणी थांबवण्यात आली. कारण या वेळी उलटे होते: लाभ इतका स्पष्ट दिसला की निम्म्या मातांना औषधाविना ठेवणे योग्य नव्हते.

२८ दिवसांतील मृत्यू औषधाच्या गटात १९.६ टक्के, दुसऱ्या गटात २३.५ टक्के. गुणोत्तर ०.८४, मर्यादा ०.७२ ते ०.९७, या वेळी दोन्ही टोके १ च्या खाली. सुमारे २५ मातांना औषध दिले की एक बाळ जास्त वाचते. मातांमध्ये जंतुसंसर्गाची शक्यता ४.८ टक्के विरुद्ध ६.३ टक्के, म्हणजे वाढ दिसली नाही. या गुणोत्तराची मर्यादा मात्र ०.५० ते १.१६ आहे. मघाच्या नियमाने पाहिलेत तर औषधाने संसर्ग कमी झाला असेही म्हणता येणार नाही, हे तुमच्या ध्यानात येईल.

औषध तेच, मात्रा तीच, बेळगावही तेच. बदलले ते औषध कोणाला आणि कोठे दिले हे.

पोळा की दसरा?

सिस्टरांच्या हातातील कुपीचे उत्तर यातून मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली अटी घातल्या आणि २०२२ साली त्या कायम ठेवल्या. गर्भाचे दिवस खात्रीने ठाऊक असावेत, प्रसूती खरोखर जवळ आलेली असावी, आईला जंतुसंसर्ग नसावा, बाळंतपण नीट करण्याची सोय असावी. आणि बाळ जन्मल्यावर त्याला ऊब, दूध, प्राणवायू व जंतुसंसर्गावरील उपचार मिळणारे ठिकाण असावे. घाटीसारख्या रुग्णालयात शेवटच्या दोन अटी पुऱ्या होऊ शकतात, उपकेंद्राच्या खोलीत होत नाहीत. मला विचाराल तर त्या प्रसंगी सिस्टरांचे सर्वांत उपयोगी साधन कुपी नसून फोन आहे. घाटीतील डॉक्टरांना दिवस, कळा आणि ताप सांगून पहिली मात्रा येथेच द्यायची का, हे विचारता येते. आणि गाडी लवकर हलवणे हे तर कोणत्याही परिस्थितीत बरोबरच.

यातली पहिली अट सर्वांत अवघड आहे. खेड्यातील बाईला 'शेवटची पाळी कधी आली होती' असे विचारले की उत्तर तारखेने क्वचित मिळते. "पोळ्याच्या आधी", "महालक्ष्म्या बसल्या तेव्हा", "दसरा झाल्यावर" असे मिळते. हे उत्तर टाकाऊ नाही. पंचांग पाहून त्याची तारीख काढता येते. पण पोळा की दसरा यातच गोंधळ झाला तर चूक सुमारे ४० दिवसांची, म्हणजे जवळजवळ सहा आठवड्यांची होते. ३६ आठवड्यांचे बाळ ३० चे समजले जाईल आणि नको असलेले इंजेक्शन मिळेल; किंवा ३० चे बाळ ३६ चे ठरून हवे असलेले इंजेक्शन चुकेल. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी ही चूक आठवड्याच्या आत आणते. तुमच्या घरात, शेजारात कोणी दिवसांत असेल तर ती तारीख कार्डावर लिहिली आहे का, एवढे विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही.

मोठेपणी काय होते?

सुरक्षितता पहिल्या २८ दिवसांत संपत नाही. ऑकलंडच्या पहिल्या चाचणीतील बाळे आता पन्नाशी ओलांडलेली माणसे आहेत. संशोधकांनी त्यांना ३० व्या आणि पुन्हा ५० व्या वर्षी शोधून काढून तपासले. तिसाव्या वर्षी इन्शुलिनच्या प्रतिसादात थोडा फरक दिसला. पण रक्तदाब, हृदयविकार यांत औषध मिळालेली आणि न मिळालेली यांत फरक आढळला नाही. पन्नासाव्या वर्षीही हृदयाच्या बाबतीत धोका वाढलेला दिसला नाही. एक फेरी, खऱ्या गरजेच्या वेळी: याबद्दल म्हणून डॉक्टर निर्धास्त आहेत.

३४ आठवड्यांनंतरचे चित्र इतके स्वच्छ नाही. २०१६ साली अमेरिकेतील २,८३१ मातांच्या चाचणीत या उशिराच्या काळात दिलेल्या स्टेरॉइडने श्वासाचे त्रास १४.४ वरून ११.६ टक्क्यांवर आले, पण बाळांची रक्तशर्करा उतरण्याचे प्रमाण १५ वरून २४ टक्क्यांवर गेले. मोठ्या रुग्णालयात साखर तासातासाला तपासता येते. जेथे ती तपासणारे कोणी नाही, तेथे या दोन आकड्यांचे वजन कसे करायचे?

आणि एक कोडे शिक्षकांसह सोडवण्यासाठी. फिनलंडमध्ये ६,७०,०९७ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या मुलांत, पोटात असताना स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी ८.८९ टक्के मुलांना पुढे मानसिक किंवा वर्तनाच्या तक्रारी निघाल्या. न मिळालेल्यांत ६.३१ टक्के. या अभ्यासात चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. तेव्हा फरक औषधाचा, की ज्या अडचणीमुळे औषध द्यावे लागले तिचा? संशोधकांनी एकाच आईच्या दोन मुलांची, एक औषध मिळालेले आणि एक न मिळालेले, तुलना करून पाहिली. फरक तरीही राहिला. या तुलनेने कोणत्या शंका दूर झाल्या आणि कोणती अजून शिल्लक आहे, ते वहीत लिहून काढा.